तुम्ही विचारलंत म्हणून : पेत्ल्युराने हुकूम दिला होता का?

रशियन यादवी युद्धाबद्दल बोलायला उभा राहिलो की एक प्रश्न हमखास येतो : युक्रेनमधल्या ज्यूंच्या कत्तलींचा हुकूम युक्रेनी सेनापती सिमोन पेत्ल्युराने दिला होता का? असा हुकूम दिल्याचा कोणताही विश्वसनीय कागद सापडलेला नाही, हे आधी सांगतो. मात्र तेवढ्यावरून त्याला दोषमुक्त मानायला मी तयार नाही.

पेत्ल्युरा मुळात समाजवादी पत्रकार होता, आणि ज्या युक्रेनी प्रजासत्ताकाचा तो सेनापती झाला, त्याने 1918 च्या आरंभी ज्यूंना सांस्कृतिक स्वायत्तता देणारा कायदा केला होता. त्याआधीच काढलेल्या 100 कार्बोव्हानेत्सच्या नोटेवर युक्रेनी, रशियन आणि पोलिश यांच्या बरोबरीने ज्यूंची यिडिश भाषाही छापलेली होती. त्याच प्रजासत्ताकाच्या सैनिकांनी पुढच्या वर्षी प्रोस्कुरिव्ह या युक्रेनी शहरात जे केले, ते वाचताना आजही माझा हात थांबतो.

15 फेब्रुवारी 1919, शनिवार, म्हणजे साबाथचा, ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीचा दिवस. स्थानिक बोल्शेविकांचा, म्हणजे साम्यवाद्यांचा उठाव पहाटेच मोडून निघाला होता. त्याचे निमित्त करून आतामान (कोसॅक तुकडीचा सरदार) सेमेसेंकोचे कोसॅक सैनिक रांगेने ज्यू वस्तीत शिरले आणि घरोघरी जाऊन त्यांनी तलवारी व संगिनी चालवल्या. काही तासांत सुमारे दीड हजार माणसे मारली गेली, त्यांत बायका आणि तान्ही मुलेही होती. नगरपालिकेच्या एका युक्रेनी सदस्याने धडपड करून वरिष्ठांकडून तारेने थांबण्याचा हुकूम मिळवला आणि तो आल्यावर ही कत्तल आवरली. माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे. सैन्य हाताबाहेर गेले होते, सेनापती तरी काय करणार, असे पेत्ल्युराचे पाठीराखे सांगतात. पण तारेवरच्या एका हुकमाने हे सैनिक छावणीत परतले होते.

दुसऱ्याच दिवशी जवळच्या फेल्शटिनमध्ये कत्तल झाली. लुटालूट आणि हत्या करणाऱ्यांना देहांताची शिक्षा सांगणारे पेत्ल्युराचे कडक फर्मान मात्र 26 ऑगस्टचे आहे. मधल्या सहा महिन्यांत त्याने निषेध केले, चौकश्या नेमल्या, हे खरे. पण आतामानांना दुखावले तर फौजच विरघळेल या भीतीने त्याने कानाडोळा केला, असे माझे स्पष्ट मत आहे. बोल्शेविकविरोधी सेनानी देनिकिनच्या श्वेत सैन्याने सप्टेंबरमध्ये फास्तिव्हमध्ये असेच अत्याचार केले आणि बोल्शेविकांच्या लाल सैन्याच्या तुकड्याही निर्दोष नव्हत्या, पण त्यामुळे पेत्ल्युराच्या खात्यावरचे काही कमी होत नाही.

25 मे 1926 रोजी पॅरिसमध्ये शोलोम श्वार्त्सबार्ड या ज्यू घड्याळजीने पेत्ल्युराला गोळ्या घातल्या. श्वार्त्सबार्डचे वकील आंरी तोरेस यांनी खटल्यात कत्तलींचाच पाढा वाचला आणि ऑक्टोबर 1927 मध्ये ज्यूरीने श्वार्त्सबार्डला निर्दोष सोडले. हा निकाल म्हणजे पेत्ल्युराविरुद्धचा निवाडा, असे अनेक जण समजतात, पण आरोपीच्या पिंजऱ्यात पेत्ल्युरा नव्हता आणि त्याच्या जबाबदारीची कायदेशीर शहानिशा तिथे व्हायचीही नव्हती. त्यासाठी कत्तलींतून वाचलेल्यांच्या जबान्याच वाचाव्या लागतात. ज्यू इतिहासकार एलियास चेरिकोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादवीच्या धामधुमीत गोळा केल्या. त्यांतल्या तारखा फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत ओळीने लावल्या, तर सेनापतीला कळले केव्हा आणि त्याने केले केव्हा, हे कोणालाही तपासता येते.