साठ फूट भिंत : आमच्या वखारीची वाटचाल

दापोलीहून हर्णैकडे जाताना डाव्या हाताला आमची चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाच्या कापलेल्या ठोकळ्यांची, वखार आहे. १९८७ साली वडिलांनी आणि त्यांचे भागीदार तात्या यांनी ती सुरू केली, तेव्हा भांडवल म्हणजे सुपारीच्या वाडीवर घेतलेले सोसायटीचे कर्ज आणि तात्यांच्या हातातली तासणी, म्हणजे चिरा तासायचे हत्यार, एवढेच होते. भागीदारीचा कागद कधी झाला नाही. वडील हिशेब लिहीत, तात्या न वाचता खाली सही करीत आणि दिवाळीला जे काही उरे त्याचे दोन सारखे भाग होत. तात्या मूळचे गवंडी. चिरा विकण्यापेक्षा तो कुठल्या भिंतीत कसा बसणार आहे, याचीच त्यांना अधिक काळजी असे, आणि त्यामुळे आमचे काही गिऱ्हाईक तुटलेही.

त्यांची तासणी अजून माझ्या टेबलामागे टांगलेली आहे. मूळचे चार बोटे रुंद पाते झिजून अडीच बोटांवर आले आहे, आणि दांड्याला जिथे त्यांचा उजवा अंगठा बसे तिथे खोलगट भाग पडला आहे. शेजारी भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा त्यांचा पितळी ओळंबा आहे. त्याची वरची लाकडी गट्टू ओळंब्याच्याच व्यासाची आहे. ती भिंतीला टेकवून दोरा सोडला की खालचे पितळ भिंतीला लागते न लागते असे थांबले पाहिजे. हल्ली मुले गट्टू हरवतात आणि दोरा बोटाने धरतात. मग एका थरात सूतभर आणि दहा थरांत इंचभर भिंत बाहेर जाते, आणि ते लपवायला गिलावा जाड मारावा लागतो, ज्याचे पैसे घरमालक भरतो.

चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, वारा-ऊन लागून त्यातले पाणी गेले की तो कणखर होतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हाच दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून, त्याला लॅटराइट असे नाव दिले. हा गुण त्यानेही नोंदवून ठेवला आहे. तात्यांचा नियम असा की, एक पावसाळा खाल्ल्याशिवाय चिरा भिंतीत जायचा नाही. प्रत्येक ढिगावर ते चुन्याने महिना आणि साल लिहीत. गाडी भरताना दोन चिरे एकमेकांवर आपटून ऐकत. खणखणीत वाजला तर गाडीत आणि बद्द वाजला तर बाजूला. पांढऱ्या मातीच्या गाठी दिसल्या की तो खाणीच्या खालच्या थराचा माल समजायचा आणि कुंपणालाही द्यायचा नाही.

१९९६ मध्ये वडील गेले आणि व्यवहार माझ्याकडे आला. पुढची पंधरा वर्षे काम बरे चालले. हाताने पाडलेल्या चिऱ्याच्या जागी यंत्राने कापलेला चिरा आला, मजूर बदलले, एक ट्रक बदलला. त्याविषयी लिहिण्यासारखे विशेष नाही.

लिहायचे आहे ते २०१२ विषयी.

समुद्राकडे उतरत्या जमिनीवर एका मुंबईकर गृहस्थांनी निवासाचे बांधकाम काढले होते. त्यांच्या नकाशात खालच्या अंगाला साठ फूट लांब आणि सहा फूट उंच कुंपणभिंत होती, नऊ इंच जाडीची, दोन्ही बाजूंना जमीन सारख्याच पातळीवर धरून. चिरा आमचा, मजुरीही आमची. भिंत एप्रिलच्या अखेरीस उभी राहिली. मे महिन्यात वरची जागा सपाट करताना निघालेली सगळी लाल माती त्यांनी मला न विचारता भिंतीमागे टाकली आणि बघता बघता पाच-साडेपाच फूट भराव झाला. कुंपणाची भिंत धक्क्याची, म्हणजे मातीचा रेटा पेलणारी, भिंत झाली, आणि ते कुणाच्या कागदावर नव्हते.

मी जाऊन सांगितले की असा भराव पेलायचा असेल तर भिंत पायाशी निदान तीन फूट आणि डोक्याला दीड फूट लागेल, आणि पाणी काढून देणारी भोके लागतील. जुना गडगा, म्हणजे दगडी बांध, कोरड्या रचाईचा असतो, त्यातून पाणी आपोआप पाझरते, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आपण सांध्यांत सिमेंटचा माल भरतो तेव्हा गडग्याचा बंधारा करून टाकतो. भिंतीमागे सहा फूट पाणी साचले तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर दीड टनाहून अधिक जोर येतो, आणि भिजलेल्या मातीचा भार वेगळाच. गृहस्थ म्हणाले, दिवाळीनंतर पाहू.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री भिंत पडली. मधला चाळीस फुटांचा भाग एकसंध आडवा झाला आणि दोन्ही टोके दात पडल्यासारखी उभी राहिली. माणूस दगावला नाही, हे नशीब. सकाळी मी पोहोचलो तेव्हा मातीतून अजून पाणी वाहत होते.

इथपर्यंतची हकीकत मी गेली तेरा वर्षे सगळ्यांना सांगत आलो आहे. पुढची सहसा सांगत नाही. त्या कामाला शेवटचे काही चिरे कमी पडले होते, आणि मुदत टळू नये म्हणून मी खाणीवरून थेट गाडी मागवली. तात्यांनी एका चिऱ्यावर तळवा दाबून धरला, उचलला, तर तो लाल आणि ओला. मला तळवा दाखवून ते म्हणाले, ‘‘बाळा, हा अजून रडतोय.’’ मी म्हटले, ‘‘तात्या, वरच्या तीन थरांतच जाणार आहे.’’ ते पुढे बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी ओळंबा दुसऱ्याच्या हाती दिला. भिंत वरच्या थरांमुळे पडली नाही, हे मी आजही छातीठोकपणे म्हणतो. परंतु पडलेल्या ढिगाऱ्यात कोपरे ढासळलेले चिरे होते, ते याच गाडीचे होते, आणि ते ज्याला ओळखता आले असा एक माणूस तिथे हजर होता.

तो माणूस आमच्याच वखारीत सात वर्षे गाड्यांची पाठवणी पाहत होता. मी त्याला हिशेब शिकवला, तात्यांनी चिरा ओळखायला शिकवले. आदल्या वर्षी त्याने स्वतंत्र दुकान घालून सिमेंटचे आणि वजनाला हलके असे ब्लॉक विकायला सुरुवात केली होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. धंदा कुणीही करावा. पण त्याने त्या ढिगाऱ्याचे फोटो काढून दापोली, मंडणगड आणि गुहागरपर्यंतच्या ठेकेदारांना दाखवले आणि चिऱ्याची भिंत पावसात बसते असे सांगितले. भरावाचा उल्लेख केला नाही. गृहस्थांनी माझे चार लाख दहा हजार रुपये अडवले, ते आजतागायत मिळालेले नाहीत. पुढच्या दोन हंगामांत आमची विक्री निम्म्यावर आली. ट्रक विकला. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या, त्या सोडवायला चार वर्षे लागली.

त्या पडत्या काळात मुरुडचे गुरुजी आले. १९९१ मध्ये त्यांनी घर बांधले तेव्हा प्रत्येक चिरा स्वतः निवडला होता. घराच्या कुलपाची किल्ली चिऱ्यावर ठोकून आवाज ऐकायचा, ही त्यांची पद्धत. या वेळी त्यांनी विहिरीच्या काठासाठी पाचशे चिऱ्यांची पूर्ण रक्कम आगाऊ दिली आणि भिंतीविषयी एक शब्दही काढला नाही. फक्त जाताना ढिगावरचा महिना वाचला. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२०ला, त्यांच्या वाडीतली निम्मी सुपारी आडवी झाली आणि घराची कौले उडाली, पण भिंतींना तडा नव्हता. आजूबाजूला छपराखालच्या त्रिकोणी भिंती बऱ्याच पडल्या. ज्यांनी त्या भिंतीच्या पायथ्याशी आणि उतारावर काँक्रीटची पट्टी घातली नव्हती, त्यांच्या अधिक पडल्या, असे मी स्वतः फिरून पाहिले.

हलक्या ब्लॉकला मी नावे ठेवत नाही. २०१५ पासून तो आम्हीही ठेवतो. त्याचा घनमीटर साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे किलो भरतो आणि चिऱ्याचा दोन हजारांच्या घरात जातो, तेव्हा खांब-तुळयांच्या इमारतीत भरणीला तो सोयीचा आहे. मात्र त्याला चिऱ्यासारखा भिजत घालू नये, नुसता पाण्याचा हात फिरवावा, आणि काँक्रीटच्या खांबाशी जिथे सांधा येतो तिथे गिलाव्याखाली जाळी मारावी, नाहीतर पहिल्याच वर्षी केसासारखी भेग दिसते. चिरा मात्र पाणी पाजूनच लावावा, म्हणजे तो मालातले पाणी ओढत नाही. दिवसाला तीन-चार फुटांहून अधिक उंची चढवू नये. आणि खाडीची वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. आधी पैसे वाचतात, मग गिलाव्याला लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, येतो.

हल्ली निवासवाल्यांना उघडा चिरा हवा असतो. फोटोत तो शोभतो. जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि तेव्हापासून तिथला जांभा पावसाचा मारा खातो आहे, हे मी त्यांना सांगतो. पावसाच्या दिशेची भिंत गिलाव्याखाली ठेवा आणि आतली हवी तर उघडी ठेवा. दहातले दोघे ऐकतात.

तात्या २०१७ मध्ये गेले. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. दिवाळीचा त्यांचा भाग मी त्याला पाठवतो, तो दर वर्षी नको म्हणतो आणि दर वर्षी घेतो.

पडलेल्या भिंतीचे चिरे त्या गृहस्थांना उचलून टाकायचे होते. ते मी स्वखर्चाने आणले, तात्यांनी एकेक तासून चिकटलेला सिमेंटचा माल काढला, फुटके वेगळे केले, आणि २०१४ मध्ये वखारीच्या मागच्या उताराला त्यांचीच धक्क्याची भिंत बांधली. पायाशी तीन फूट, डोक्याला दीड फूट, दर पाच फुटांवर भोके आणि मागे खडीचा भर. ती अकरा पावसाळे उभी आहे, आणि जुलैत सगळ्या भोकांतून लाल पाणी वाहते. गेल्या वर्षी आमचा तो जुना माणूस काही कामाने आला होता. मी त्याला मुद्दाम मागे नेऊन भिंत दाखवली आणि हे तेच चिरे आहेत असे सांगितले. त्याने एका चिऱ्यावर बोटाची पेरे वाजवून पाहिली आणि म्हणाला, ‘‘भाऊ, दोन पावसाळे खाऊन मग लावलेत ना हे?’’ मी हो म्हटले.