वर्ष पहिले, अंक पहिला

जुन्या मराठी मासिकांचे पहिले अंक विकून घर चालत नाही, हे आधीच सांगून टाकते. छंदाचा खर्च छंदातून निघतो आणि अधूनमधून एखादं नवं कपाट येतं, इतकंच. पण "आजोबांच्या ट्रंकेत मासिकांचे गठ्ठे सापडलेत, किती येतील?" असे फोन हल्ली सारखे येतात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हटलं.

माल कुठून येतो? पुण्यात बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो. तिथे कुलपं, नळाच्या तोट्या, घड्याळाचे सांगाडे यांच्या मधेच कुठेतरी कागद पडलेला असतो. मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ आहे. माझं खरं घबाड मात्र रद्दीची दुकानं आणि बंद पडणारी खासगी वाचनालयं. रद्दीवाला घेताना किलोवर घेतो आणि तुमचे डोळे चमकलेले दिसले की नगावर विकतो. म्हणून हवा तो अंक हातात धरून कधी भाव विचारायचा नाही. चार फालतू अंकांच्या खाली ठेवून विचारायचा.

कोल्हापूरकडच्या एका गावातलं वाचनालय उठलं, तेव्हा मालकांच्या मुलाने सरळच सांगितलं, "ताई, न्यायचं तर सगळं न्या. निवडानिवड करायची नाही." टेम्पो केला. त्यात बायंडिंग केलेले गठ्ठे होते, सुटे दिवाळी अंक होते, आणि एका खोक्यात 'किशोर', 'चांदोबा', 'हंस', 'ललित' असं सगळं एकत्र कोंबलेलं होतं. नवऱ्याने नुसतं खोलीकडे बघितलं आणि चहा टाकायला गेला.

खरं काम इथून पुढे. मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर 'वर्ष १ ले, अंक १ ला' छापलं आहे म्हणून उडी मारायची नाही. बंद पडलेली मासिकं पुन्हा निघतात, मालक बदलतो, नवी मालिका सुरू होते आणि मोजणी पुन्हा एकापासून. कधी उलटही असतं, नाव बदलतं पण मासिक तेच राहतं. 'किर्लोस्कर'चा पहिला अंक मागणाऱ्याला समजवावं लागतं, की सुरुवात १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने झाली, किर्लोस्करवाडीच्या कारखान्याच्या कुशीत. एकाने मला '१९४७ सालचा मराठी चांदोबाचा पहिला अंक' देऊ केला होता. १९४७ साली निघाला तो तेलुगू आणि तमिळ. मराठी चांदोबा उगवला १९५२ मध्ये. त्यामुळे अंक बघायला जायचाही प्रश्न नव्हता.

सगळ्यात जास्त गफलत होते ती पुनर्मुद्रणांची. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. पण घरोघरी सापडते ती पुढे पुस्तकरूपाने छापलेली निबंधमाला. लोक बिचारे सोवळ्यात गुंडाळून आणतात आणि ती मूळ अंकांची नाही हे त्यांना सांगणं माझ्या वाट्याला येतं. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा. त्याची मागणी संग्राहकांपेक्षा कितीतरी मोठ्या वर्तुळातून येते आणि तिच्यात भावना असते. नेमकं तिथेच फसवणारे बसलेत. राज्य सरकारने 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' पुन्हा छापून उपलब्ध केलेत, फार चांगलं काम झालं ते. पण अशी नंतरची पानं सुटी करून, चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून 'मूळ अंक' म्हणून विकणारा माणूस मी स्वतः पाहिला आहे. चहाचा डाग पानभर एकसारखा बसतो. वयाने पिवळा पडलेला कागद कडांना जास्त काळवंडतो आणि आत येईल तसा उजळत जातो. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची अक्षरं जुळवून केलेल्या जुन्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं, पान तिरकं धरून उजेडात पाहिलं की मागच्या बाजूला उठाव दिसतो. ऑफसेटवर काढलेल्या नकलेत पान सपाट लागतं. एवढ्यावर निम्मे दावे निकालात निघतात.

उरलेल्यांसाठी ग्रंथालय. १९५० पर्यंतच्या मासिकांसाठी शं. ग. दाते आणि सहकाऱ्यांनी केलेली नियतकालिकांची सूची आहे. ती माणसं नसती तर आम्ही सगळे अंधारात चाचपडत बसलो असतो. शंका राहिली की दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा पुण्यात नगर वाचन मंदिरात जाऊन चौकशी करायची, मूळ प्रत असेल तर पानांची संख्या ताडून बघायची. पानं मोजायलाच हवीत. मधला रंगीत आर्टपेपर किंवा जाहिरातीची पानं उडालेली असतात आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

ते टेम्पोतलं खोकं उघडलं तेव्हा 'ललित'चा जानेवारी १९६४ चा, म्हणजे पहिला अंक हातात आला. पिना गंजून कागदावर तपकिरी फुलं उमटलेली, मुखपृष्ठावर वाचनालयाचा जांभळा शिक्का, आत पेन्सिलीने लिहिलेला दाखल क्रमांक. गंजलेली पिन ओढून काढायची नसते. मागचे पाय नखाने उभे करायचे, पातळ सुरीने उचलायचे आणि पिन सरळ वर येऊ द्यायची. नंतर पांढऱ्या सुती दोऱ्याचे दोन टाके. फाटलेल्या कडेला गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि टिश्यूची पट्टी. सेलोटेप लावलेला अंक आला की माझं डोकं फिरतं, कारण तो चिकटपणा कागदात मुरतो आणि काढला तर अक्षरंही बरोबर घेऊन येतो. लॅमिनेशन करून आणलेल्या अंकाबद्दल तर बोलायलाच नको. शिक्के मी पुसत नाही. काही गिऱ्हाइकांना ते नको असतात, पण अंक कुठून आला याचा तोच एक पुरावा असतो. हो, आणि वाचनालयाचा शिक्का असलेला अंक घेताना, ते वाचनालय खरंच बंद झालंय ना, मालाची पावती आहे ना, हे विचारून घ्यावं. चोरीचा माल या धंद्यातही फिरतो.

बायंडिंगचा प्रश्न वेगळा. पूर्वीचे वर्गणीदार वर्षभराचे अंक बांधून घेत. बाइंडर मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकत आणि कडा छाटत. त्यामुळे पहिला अंक असतो, पण अंगावर कपडे नसलेला. मुखपृष्ठ टिकलेला सुटा अंक म्हणूनच महाग. चित्रकार दलाल किंवा मुळगावकरांचं चित्र असेल तर आणखी भीती, कारण ती चित्रं कापून फ्रेम करून भिंतीवर गेलेली असतात.

किंमत ठरवणं मला अजूनही नीट जमतं असं नाही. वय वाढलं की भाव वाढतो, हा गैरसमज आहे. का. र. मित्रांचं 'मनोरंजन' १८९५ सालचं, पण लोक विचारतात तो १९०९ चा, कारण तो मराठीतला पहिला दिवाळी अंक. 'मार्मिक'चा १३ ऑगस्ट १९६० चा अंक मागायला येणारे बहुतेक जण दुसरं काहीच जमवत नाहीत. 'किशोर'चा नोव्हेंबर १९७१ चा अंक पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसं घेतात आणि घासाघीस करत नाहीत, बालपणाला कोण भाव करणार. आणि साठच्या दशकातली सायक्लोस्टाइल केलेली, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढलेली लघुनियतकालिकं तर शंभर वर्षांच्या मासिकांपेक्षा दुर्मीळ. निघायच्याच मूठभर प्रती, आणि कित्येकांचा पहिला अंक हाच शेवटचा.

अमेरिकेतल्या एका मराठी गृहस्थांना 'मनोरंजन'चा जुना अंक हवा होता. पैसे आधी पाठवायला तयार. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. छापील मासिक त्यात बसतं की नाही यावर वाद घालता येईल, पण मी कशाला घालू? त्यांना पानांचे फोटो पाठवले, अंक कपाटातच आहे.

या व्यवहारात मला एकच गोष्ट खटकते. एका विक्रेत्याकडून मला 'ललित'च्याच १९६४ चे फेब्रुवारी ते डिसेंबर असे अकरा अंक रद्दीच्या भावात मिळाले होते. पहिला त्याने आधीच उचलून विकला होता, त्यामुळे बाकीच्या वर्षाला कोणी विचारेना. पहिला अंक ज्याच्या घरी गेला तो तरी तो उघडून वाचत असेल का, शंकाच आहे. म्हणून टेम्पोतल्या पहिल्या अंकाला मी हे अकरा जोडले आणि बारा मिळून एकच किंमत सांगितली.

नागपूरच्या गिऱ्हाइकाचा लगेच फोन. "मॅडम, मला फक्त पहिला पाहिजे. बाकीचे ठेवून कमी करा ना."

"बाकीचे ठेवले तरी किंमत तीच."

"म्हणजे अकरा फुकट?"

"तसं समजा."

थोडा वेळ हिशेब चालला असावा. मग म्हणाले, कुरिअरचं वजन वाढेल त्याचं काय. वजनाचे पैसे त्यांनी द्यायचे ठरले. बाराही अंक पुठ्ठ्यांमध्ये दाबून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवले. आठवड्याने त्यांनी विचारलं, १९६५ पूर्ण आहे का. मार्च आणि जून नाहीत म्हणून कळवलं. त्यांनी ते शोधायला घेतलेत.