कानातलं काढ, सामना आहे

ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये मांडीवर १८ इंची रोबोटचं खोकं घेऊन बसलेल्या पोरांनी कानात हवं ते खुपसावं. सानपाडा गेलं की मात्र आवरतं घ्यावं.

‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत मैदानाशी उभं राहून रोबोट चालवणाऱ्या ड्रायव्हरला फोन, ब्लूटूथ, वॉकीटॉकी यांतलं काहीच चालत नाही. बाहेरून कुणी पढवू नये, हे एक कारण. शिवाय रोबोटचा सगळा कारभार वाय-फायवर. ड्रायव्हर स्टेशनचं, म्हणजे ज्यावरून रोबोट चालवतात त्या उपकरणाचं, ब्लूटूथ बंद आहे ना, हे सामन्याआधीच्या तपासणीतच बघतात.

पण बंदी नसती, तरी कान मोकळेच हवेत. रोबोट बिघडला की आधी कानाला कळतं. मोटरचा सूर एकदम चढला आणि चाक जागचं हललं नाही, म्हणजे चाक दांड्याला धरून ठेवणारा हबचा छोटा ग्रब स्क्रू सुटलाय. ‘कट्-कट्’ आलं तर साखळी ढिली पडून दात ओलांडतेय. सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) एकसारखी गुणगुणत राहिली, तर ती त्या कोनापर्यंत पोचतच नाहीये. रोबोटचा हात कशाला तरी टेकलाय आणि ती दाबत बसलीय. तशीच सोडली, तर तापून जळते. आणि सगळ्या मोटरांचा सूर मिळूनच उतरला, तर बॅटरी बसत चाललीय. १२ व्होल्टची ही बॅटरी नव्याने चार्ज केलेली असेल तर १३ च्या वर दाखवते. सामन्याला तीच लावायची.

गाण्याची खरी जागा सरावात. तेही गाणं नव्हे, नुसता ठेका. तबल्याच्या ॲपवर मिनिटाला १२० मात्रांचा झपताल लावा. दहा मात्रांचं आवर्तन पाच सेकंदांत होतं. सुरुवातीची स्वयंचलित ३० सेकंदं म्हणजे सहा आवर्तनं, नंतरची ड्रायव्हरची दोन मिनिटं म्हणजे चोवीस. अठरावं संपलं की शेवटची ३० सेकंदं उरली. मधे कंट्रोलर उचलायला ८ सेकंदं मिळतात. ती झपतालात बसत नाहीत, पण सोळा मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन चोख भरतं. (नियमावली लिहिणाऱ्यांच्या हे गावीही नसेल.)

मग वस्तू उचलून टाकून परतायची एक फेरी दोन आवर्तनांत बसवायची. फेरी तिसऱ्यात गेली, तर कुठल्या मात्रेला अडली ते बघायचं. पहिल्याच आवर्तनात अडत असेल, तर घोळ उचलणाऱ्या रोलरचा. दुसऱ्यात असेल, तर लिफ्ट वर चढायला वेळ खातेय. स्टॉपवॉच फक्त उशीर सांगतं, ठेका जागा दाखवतो.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये फोम टाइल्सच्या १२ बाय १२ फुटांच्या मैदानावर हे निवांत जमतं. स्पर्धेच्या हॉलमध्ये डीजे असतो, शेजारचा संघ ओरडत असतो. म्हणून सरावाचे शेवटचे दोन-तीन सामने स्पीकरवर ढोल-ताशा लावून खेळावेत. शेजाऱ्यांना आधी सांगून, आणि रात्री नाही. त्या गोंगाटात कोचचे कुठले शब्द पोचतात, ते तेव्हाच समजतं. ‘थांब’ पोचतं. ‘डावीकडे’ अर्धवट येतं, त्यापेक्षा ‘लेफ्ट’ बरं. सगळ्यात दगा देतात ते ‘वीस’ आणि ‘तीस’. दोन्ही नुसते ‘ईस’ ऐकू येतात आणि ड्रायव्हर दहा सेकंदं आधीच खेळ सोडून रोबोट शेवटच्या पार्किंगच्या जागी पळवतो. त्यामुळे तीसला ‘अर्धा’ म्हणायचं, वीसला वीसच.