तुम्ही विचारलंत म्हणून: भिकबाळी डाव्या कानात का?

"अरे, भिकबाळी उजव्या कानात घालतात." हे मला लग्नात काकांनी सांगितलंय, केस कापताना सांगितलंय, रिक्षात आरशातून बघून सांगितलंय, आणि आमच्या ढोल पथकात तर दरवर्षी नवीन आलेलं कोणीतरी सांगतंच. मग लगेच, "आणि हा नुसता दांडा (सरळ काडीची कुडी) काय घातलायस, भिकबाळी कुठेय?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते उभ्या उभ्या देता येत नाही म्हणून मी इतकी वर्षं "असंच" म्हणून सोडून देत आलो. आता एकदाच नीट लिहितो.

उजव्या कानात घालतात हे मला माहितीये. पहिल्यांदा उजवाच टोचला होता. माझे केस त्या बाजूला लांब आहेत ते स्टाईल म्हणून नाहीत, खाली कानाची वरची कड आत वळलेली आहे, एका जागी खळगा आहे आणि हात लावला तर तिथे कडकपणा लागत नाही, नुसती कातडी. जन्मापासून नाही. टोचल्यानंतर झालंय.

टोचला तो पावसाळ्यात, पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली होती, सगळ्यांचं चाललं होतं की यंदा दाबाची, म्हणजे न टोचता चिमटीने अडकवायची नको, खरी घालायची. एका दुकानात गनने टोचून घेतला, दुकानाचं नाव घेणार नाही, पाच मिनिटांत काम झालं आणि लगेच तिथेच कोणीतरी म्हणालं रोज फिरवत जा म्हणजे चिकटणार नाही. घरी आल्यावर आजीने खोबरेल गरम करून हळद घालून लावलं. आजीने आमच्या घरातल्या प्रत्येक बाळाचे कान असेच सांभाळलेत, बाराव्या दिवशी सोनार येणार, तार घालणार, आजी तेल लावणार, आणि एकाही पोराचा कान पिकलेला मला आठवत नाही. त्यामुळे तिचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण तिने सांभाळलेल्या सगळ्या कानाच्या खालच्या पाळ्या होत्या. पाळी म्हणजे मांस आणि चरबी, रक्त भरपूर, लवकर भरते, दीड-दोन महिन्यांत होऊन जाते. भिकबाळीची जागा म्हणजे वरची कूर्चा, कानाला आकार देणारा तो कडक पण वाकणारा भाग. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात, तिच्यावर जे पातळ आवरण असतं त्यातून तिला जे काही मिळेल तेवढंच. म्हणून ती भरायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि बिघडली तर औषधही तिथे उशिरा पोचतं. हे मला तेव्हा कोणीच सांगितलं नाही, टोचणाऱ्याने नाही, घरच्यांनी नाही, आणि पथकात ज्यांचे कान टोचलेले होते त्यांनीही नाही.

मग नदीपात्रातली प्रॅक्टिस, रोज पाऊस, रोज घाम, वरून हेल्मेट. भोकातून थोडी लस, म्हणजे चिकट पाणी यायचं, खपली धरायची, मी ती नखाने काढून दांडा फिरवायचो कारण तसंच सांगितलं होतं. दुखायचं पण "नवीन आहे, दुखणारच" हे सगळ्यांचं उत्तर ठरलेलं. विसर्जनाच्या दिवशी फेटा बांधला, फेट्याची घडी बरोबर त्या जागेवरून गेली, आणि दिवसभर ढोल. गुलाल, घाम, पाऊस, पुन्हा गुलाल. संध्याकाळी लक्ष्मी रोडवर असताना ठणका सुरू झाला होता हे मला स्पष्ट आठवतं कारण टोल पडला की कान आतून धडकायचा, आणि तरी मी थांबलो नाही, थांबायला पाहिजे होतं की नाही यावर माझं स्वतःशी अजून भांडण आहे. पथकात रांग असते, तुम्ही मध्येच ढोल उतरवत नाही. ज्यांनी कमरेला ढोल बांधलाय त्यांना हे कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कान लाल, गरम, दुप्पट झालेला, आणि एक विचित्र गोष्ट, पाळी अगदी नॉर्मल. वरचा सगळा कान सुजलेला आणि खालची पाळी जशीच्या तशी. ही खूण लक्षात ठेवा, मी हे सगळं लिहितोय त्यात एवढं जरी लक्षात राहिलं तरी चालेल. पाळीत कूर्चा नसते, म्हणून सूज वर असून पाळी सुटली असेल तर कूर्चेच्या आवरणालाच लागण झाल्याची शक्यता मोठी आणि मग "दोन दिवस बघू" असं करायचं नसतं. आम्ही बघितलं. जवळच्या डॉक्टरांनी नेहमीची अँटिबायोटिक दिली, वरून स्पिरिटने पुसायला सांगितलं, आणि ताप चढला. कानात हा त्रास बहुतेक वेळा स्युडोमोनास नावाच्या जंतूमुळे होतो, तो ओलाव्यात राहतो आणि घशा-दातासाठी देतात त्या साध्या गोळ्यांना दाद देत नाही, त्याला सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखं औषध लागतं. हे मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पण तोपर्यंत आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साठला होता. पू साठला की आवरण कूर्चेपासून सुटतं, आणि कूर्चेचं जेवणच तिथून येतं.

त्यांनी दांडा काढला, कानाला चीर देऊन पू काढला, मेलेला भाग खरवडला, आणि पुढून-मागून कापसाचे बोळे ठेवून टाके घातले म्हणजे पुन्हा पोकळी भरू नये. इंजेक्शन देऊन बधिर केलं होतं पण कानावर सुई घ्यायची म्हणजे काय ते मी सांगत नाही. आई बाहेर बसली होती. आत डॉक्टरांना मी विचारलं, "आकार परत येईल ना?" ते म्हणाले, "गेलेली कूर्चा परत येत नाही. उरलीये ती वाचवतोय." आईला मी हे नंतर सांगितलं. ती काही बोलली नाही, बरेच दिवस ती माझ्या उजव्या बाजूला बसायची नाही, जेवायलाही डाव्या बाजूला बसायची.

आता तुम्ही म्हणाल एवढं झालं तर डावा कशाला टोचलास. हे आईनेही विचारलं. मला भिकबाळी आवडते, मला ती खरी घालायची होती आणि घालायचीये, आणि माझा कान टोचल्यामुळे गेला असं मला वाटत नाही, तो टोचल्यानंतर जे केलं त्यामुळे गेला असं वाटतं. पण "वाटतं" हेच म्हणतोय कारण याबाबतीत मी आधी फार छातीठोकपणे बोलायचो. बरीच वर्षं मी भेटेल त्याला सांगायचो, गनने कूर्चा चिरडते, सुईने टोचलं की काही होत नाही. मग वाचलं की 2008 साली नेदरलँड्समध्ये मृतदेहांच्या कानांवर गन आणि सुई दोन्हीने टोचून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर कूर्चेची इजा जवळपास सारखीच निघाली. म्हणजे माझं भाषण गेलं. आणि 2000 साली अमेरिकेत ऑरेगनमध्ये एकाच दुकानातून टोचून घेतलेल्या लोकांना स्युडोमोनासची लागण झाली होती, 7 पक्के रुग्ण, सगळ्यांचा वरचाच कान, आणि तिथे तो जंतू जंतुनाशकाच्या बाटलीतच सापडला. मग गनचा दोष का बाटलीचा का पाण्याचा? माझ्या वेळी काय झालं हे मला कधीच कळणार नाही. तरीही डावा मी सुईनेच टोचला, कारण सुई एकदा वापरून फेकता येते आणि प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, 121 डिग्रीत टाकता येत नाही. हा मुद्दा मला अजूनही पटतो.

आणि मग तो "नुसता दांडा". टायटॅनियमचा आहे, एफ136 ग्रेड, जे हाडांच्या इम्प्लांटमध्ये वापरतात, मागे चपटी चकती. सुरुवातीला लांब घातला कारण सूज येणार, सूज उतरल्यावर आखूड बदलून घेतला कारण लांब दांडा हलत राहतो आणि भोक तिरकं होतं. भिकबाळी म्हणजे बाळी, ती गोल फिरते, तिच्यावर मोती आणि तार, त्या वळणांत लस सुकून बसते आणि प्रत्येक हालचालीला ती आत ओढली जाते. ओल्या जखमेत मी ती घालणार नाही, कितीही वेळा विचारा.

"मग लावतोस काय?" काही नाही. खरंच काही नाही. खोबरेल नाही, हळद नाही, स्पिरिट नाही, बीटाडीन नाही, टी ट्री तेल तर अजिबात नाही. हात साबणाने धुवायचे, मेडिकलमधलं नॉर्मल सलाईन, 0.9 टक्के, सकाळ-संध्याकाळ त्यावर सोडायचं, खपली आपोआप मऊ झाली तर गॉजने टिपायची नाहीतर राहू द्यायची, आणि कोरडं करायचं. टॉवेल नाही, टॉवेलचा धागा अडकला की डोळ्यासमोर तारे चमकतात. छोटी बाटली घ्या, मोठी उघडून महिनाभर ठेवलेली सलाईनची बाटली स्वच्छ राहत नाही. घरी मीठ-पाणी करता येतं पण अंदाजाने मीठ टाकलं की बहुतेक वेळा जास्तच पडतं आणि कातडी कोरडी पडून फुटते. दांडा फिरवायचा नाही, कधीच. फिरवलं नाही तर चिकटेल ही भीती मलाही होती, चिकटते ती सुकलेली लस, आणि फिरवलं की तीच आत जाते.

बाकीचं सगळं कानाला हात न लागू देणं आहे आणि तेच सगळ्यात अवघड आहे. मी उजव्या कुशीवर झोपतो, फोन उजव्या कानाला लावतो, हेल्मेट घालताना दोन्ही हातांनी बाजू फाकवून सरळ खाली घेतो. एकदा हेल्मेटचा धक्का लागून भोकाच्या बाजूला लाल फोड आला, आजूबाजूचे सगळे म्हणाले केलॉइड (वाढत जाणारा जाड व्रण) झालं, माझे तर हातपाय गार पडले कारण आपल्याकडच्या कातडीला केलॉइडचा धोका असतोच. पण केलॉइड भोकाच्या बाहेर पसरत जातं आणि आपणहून जात नाही, हा फोड घासणं थांबवल्यावर हळूहळू बसला. दाबला असता तर काय झालं असतं माहीत नाही.

पथकातल्या मुलांना मी एवढंच सांगतो की टोचायचं तर गणपती झाल्यावर टोचा, पुढच्या गणपतीपर्यंत वर्ष मिळतं. त्यातले निम्मे ऐकत नाहीत आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही, आणि मग ते माझ्याकडे बघून म्हणतात बघ, काय झालं? काही झालं नाही. मला आनंदच आहे. पण मी माझं सांगणं बदलणार नाही.

या वर्षीही वादनाला माझ्या डाव्या कानात दांडाच असेल, आणि फेटा बांधणाऱ्याला मी आधीच सांगून ठेवलंय की त्या बाजूची घडी कानाच्या वरून घ्या. उजव्या कानात दाबाची घाल, फोटोपुरती, असंही सुचवतात. तीही मला जमत नाही. तिथे चिमटीचा दाब बसला की अजून दुखतं.