पडवीतल्या पाऊण तासाची तयारी

दसरा, रात्री. कोकणातल्या एकट्या, म्हाताऱ्या माणसांना आठवड्यातून एकदा मिळून गायला बसवायचं, अशा स्टार्टअपसाठीची ही टिपणं. सुरुवात वाद्यांपासून.

खंडेनवमी-दसऱ्याला पेटी, पखवाज, झांजा पूजेला निघतात, तेव्हा पावसाळ्यानंतर वाद्यं नीट तपासायला याहून चांगला मुहूर्त नाही. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, वर खारा वारा. पेटीचा भाता पुरता भरायचा आणि एकही पट्टी न दाबता सोडून द्यायचा. लगेच खाली बसला तर वारा गळतोय. बहुतेक वेळा भात्याच्या घडीवरचं चामडं ओलीने सुटलेलं असतं. एखादी पट्टी मुकी झाली किंवा घरघरायला लागली, तर तिच्या रीडच्या (सूर देणाऱ्या पितळी पातीच्या) जिभेखालून पातळ कागद अलगद फिरवावा. कचरा अडकला असेल तर एवढ्याने निघतो. पितळेवरचा हिरवा थर बघून ब्लेड हातात घ्यायचा मोह होतो, तो आवरायचा. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो आणि मग ती पट्टी शेजारणीशी कधीच जुळत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक वाजवून झाल्याबरोबर खरवडून काढायची. राहिली तर बुरशी धरते आणि रात्रीत उंदीर चामडं कुरतडतात.

वाद्यांवर एवढं लिहायचं कारण असं की पेटी बंद पडली की कोणीतरी खिशातून फोन काढतो, ब्लूटूथ स्पीकर लावतो आणि गाणारी माणसं ऐकणारी होतात. संगीतातून गावातल्या म्हाताऱ्या, एकट्या माणसांचं मन हलकं व्हावं म्हणून स्टार्टअप काढायचा, तर विकायची वस्तू एकच: आठवड्यातून एकदा, पडवीत, बारा माणसांनी मिळून गायलेला पाऊण तास. अ‍ॅप त्याच्या सोबतीला असावं, जागेवर नाही.

कोकणात या धंद्याचं वर्ष एप्रिलला सुरू होत नाही. भातलावणी, गणपती, कापणी, शिमगा, आंबा-काजू यांत माणसं गुंतलेली. सलग मोकळीक मिळते ती नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर, जेमतेम 15 आठवडे. जत्रा आणि लग्नं वजा केली की 12 बैठका हाती लागतात. दर्यावरच्या वाड्यांचं गणित उलटं. जून-जुलैत मासेमारी बंद, माणसं घरी, पण पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तानपुरा ऐकूच येत नाही. तिथे टाळ्या, झांजा आणि चढ्या लयीच्या गवळणी.

बैठकीची घडण अशी. पहिली 5 मिनिटं नुसता तानपुरा. मग 5 मिनिटं ओठ मिटून गुंजन: 4 सेकंद श्वास आत, 6 सेकंद गुंजत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास कोंडून धरायला लावायचं नाही. दमेकऱ्यांना त्रास होतो, काहींना चक्कर येते. पुढे 10 मिनिटं सगळ्यांना पाठ असलेला संथ अभंग, 15 मिनिटं एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं अशा गवळणी-ओव्या, 5 मिनिटं टाळ्यांवर लय चढवून परत उतरवायची, शेवटची 5 शांत. चहा त्यानंतर. आधी चहा आला की गजाली सुरू होतात आणि गाणं राहतं.

गाण्याची पट्टी, म्हणजे सुराची उंची, हमखास चुकते. भजनी मंडळांना उंच पट्टीची सवय, आणि सत्तरीतल्या आजींचा आवाज तर खाली उतरलेला. काळी चार-पाचला (पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला सा मानून) धरलं तर त्या दोन ओळींनंतर गप्प बसतात आणि ‘आता नाय जमत गो’ म्हणून पुढच्या आठवड्यात येत नाहीत. पांढरी चार किंवा काळी तीनला आणलं की त्याच आजी अंतरा उचलतात.

बैठक चालवायला गावातला सर्वांत तयारीचा बुवा निवडणं ही सगळ्यात महाग चूक. तो इतका छान गातो की बाकीचे ऐकत राहतात. सुरात असणारी, नावानिशी सगळ्यांना ओळखणारी, स्वतः मागे राहू शकणारी बाई हवी. घड्याळ लावून मोजावं: 45 पैकी किमान 25 मिनिटं सगळ्यांची तोंडं गात होती का? नसतील तर ती बैठक फुकट गेली असं धरावं.

ओवी म्हणताना कोणी रडायला लागलं तर गाणं तोडू नये आणि सगळ्यांसमोर विचारपूसही करू नये. चालू कडवं पुरं करायचं, पुढे परिचयाचं हलकं काही घ्यायचं आणि चहाच्या वेळी शेजारी जाऊन बसायचं. जात्यावरच्या ओवीत आईचा आवाज असतो. ती आठवण बोलावून आणलेली असते, ती निस्तरायची जबाबदारी आपली.

मोजमापाला डब्ल्यूएचओ-5 ही जागतिक आरोग्य संघटनेची, मन किती बरं आहे ते मोजणारी प्रश्नावली पुरते. गेल्या दोन आठवड्यांविषयी पाच विधानं, प्रत्येकाला 0 ते 5 गुण, बेरजेला 4 ने गुणलं की 100 पैकी आकडा. 10 गुणांचा फरक दखल घेण्याजोगा. 50 किंवा त्याखाली आकडा आला तर पुढची तपासणी हवी. अशा माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवायची, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्यायचा आणि गाण्यालाही बोलवत राहायचं. प्रश्न तोंडी विचारावे लागतात, आणि सून बाजूला उभी असेल तर प्रत्येक उत्तर ‘बरं आहे’ असंच येतं. म्हणून विहिरीकडे, परसात, एकटीला गाठून विचारावं.

आणि भाद्रपदात कधीही मोजू नये. चाकरमानी आलेले असतात, घर भरलेलं असतं, आकडा आपोआप चढतो. ते गेले की कोसळतो. त्याचं श्रेय किंवा दोष गाण्याला देणं ही स्वतःची फसवणूक. दोन वाड्या घ्याव्यात. दोन्हीकडे नोव्हेंबरात प्रश्नावली भरायची, बैठका एकीकडे लगेच आणि दुसरीकडे जानेवारीत सुरू करायच्या, आणि दुसरी सुरू होण्याआधी दोन्हीकडे पुन्हा मोजायचं. फरक दिसला तर तो सांगण्यालायक.

जाहिरातीत ‘रक्तदाब उतरतो’, ‘मधुमेह आटोक्यात येतो’ असलं काही लिहू नये. 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा या दोन्ही आजारांची नावं घेतो आणि त्यातल्या चमत्कारी उपायांच्या व्याख्येत ‘मंत्र’ही आहे.

अ‍ॅपसाठी थोडक्यात: तानपुऱ्याची एमपी3 फाईल पुन्हा पुन्हा फिरवली की जोडावर बारीक खाच ऐकू येते, कारण त्या पद्धतीत सुरुवातीला काही मिलिसेकंद शांतता चिकटते. दोन टोकं एकमेकांवर चढवून जोडावी. फाईल 64 केबीपीएस दर्जाची, मोनो म्हणजे एकपदरी ठेवावी. 20 मिनिटांना 10 एमबीच्या आत बसतं, तुटक्या नेटवर्कवरही उतरतं. शेवट दीड मिनिटात विरत न्यावा, एकदम थांबलं तर डोळा लागलेला माणूस जागा होतो. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी एकत्र गाण्याचा नाद सोडावा. आवाज उशिरा पोचतो, लय तुटते. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण रेडिओवरची चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, ते तपासल्याशिवाय घालायचं नाही.

पैसे. महिन्याला 4 बैठका. मानधन 500 प्रमाणे 2000, चहा 480, पेट्रोल 600, रिचार्ज 300, वाद्यदुरुस्तीला बाजूला 250. एकूण 3630, माणशी साधारण 300. हे बहुधा मुंबईतला मुलगा भरतो, आणि आईचं कसं काय चाललंय ते दर महिन्याला कळवा म्हणतो. त्याची काळजी खरी असते. तरीही प्रश्नावलीतलं एक उत्तरही त्याला द्यायचं नाही. ती माहिती आईची आहे. आई हो म्हणाली तर हजेरी तेवढी कळवावी. हे पैसे घेण्याआधी, पहिल्याच फोनवर सांगून टाकलेलं बरं.

पेटीतल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या गुलाबी पडल्यात. उद्या मंद आचेवर निळ्या होईपर्यंत तापवून पेटीत परत ठेवायच्या.