तुम्ही विचारलंत म्हणून: चिंगीला जोडीदार का नाही?

चिंगीला घेऊन खाली उतरलं की हा प्रश्न ठरलेलाच. इस्त्रीवाले भैया विचारतात, समोरच्या काकू विचारतात, परवा तर सिलिंडर घेऊन आलेल्या मुलानेही विचारलं. "एकटीच आहे का? कंटाळत असेल हो बिचारी. एक जोडीदार आणा की." मी दर वेळी हसून "बघू" म्हणते. ते "बघू" काही खरं नाही. दोन वर्षांपूर्वी चांगले १२ दिवस बघून झालंय. तेच एकदा सविस्तर सांगून टाकते.

चिंगी आमची गावठी कुत्री, वय ७. कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. आम्ही दोघंही नोकरीवाले, सकाळी ९ ला दार ओढून घेतो. दुपारी पोळ्यांना मावशी येतात, तेवढीच मधे जाग. दार ओढताना चिंगी जे तोंड करते ना, त्यानेच माझा घात केला. ऑफिसात बसून मला तेच तोंड दिसायचं.

मग एक दिवस जुना मोबाइल टीव्हीपाशी उभा केला आणि रेकॉर्डिंग लावून गेले. संध्याकाळी बघते तर काय, बाईसाहेब दोन मिनिटं दाराशी बसल्या, मग थेट सोफ्यावर. सोफ्यावर चढायला बंदी आहे, हे आम्ही घरात असतानाच तिला आठवतं. त्यानंतर झोप. भंगारवाल्याच्या आरोळीला एकदा भुंकली, कूस बदलली, पुन्हा झोप. मोठं कुत्रं दिवसातले १२-१४ तास झोपतंच. पण माझं मन मानेना. झोपते म्हणजे उदासच असणार, असं मीच ठरवून टाकलं.

डॉक्टरांनीही सावध केलं होतं. ते म्हणाले, मालक गेल्यावर दार ओरबाडणारं, लाळ गाळणारं, घरभर शी-शू करणारं कुत्रं वेगळं. ते खरंच घाबरलेलं असतं, पण त्यालाही बहुतेक वेळा माणूस हवा असतो, दुसरं कुत्रं नव्हे. "त्याच्यासाठी दुसरं आणलंत तर कदाचित दोघं मिळून रडतील. आणि तुमच्या कुत्रीला तर तोही त्रास नाही." मी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात गुंड्याला घेऊन आले.

गुंड्या पाच महिन्यांचा, काळा, एक कान उभा, एक पडलेला. ओळखीच्या एका ताईंनी रस्त्यावरून उचललेला. लसी पूर्ण झालेल्या होत्या. "ठेवून तर बघ, नाही जमलं तर परत दे," त्या म्हणाल्या. ओळख करून द्यायची ती घराबाहेर, जिथे कुणाचीच मालकी नाही अशा जागी, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून वेताळ टेकडीवर गेलो. एक पट्टा नवऱ्याच्या हातात, एक माझ्या, मधे अंतर ठेवून एकाच दिशेला चालत राहायचं. अर्ध्या तासाने चिंगीने पुढचे पाय जमिनीला टेकवले आणि ढुंगण वर करून शेपूट हलवली. खेळायला चल म्हणायची कुत्र्यांची ही पद्धत. मला तर रडूच आलं.

घरी आल्यावर मात्र टेकडी संपली.

भांडण झालं असतं तर निदान कळलं असतं. तसं काहीच झालं नाही. चिंगीने फक्त हॉल सोडला. गुंड्या तिच्या गादीवर बसला की ती उठून जायची. त्याने तिच्या ताटलीत तोंड घातलं की मागे सरून उभी राहायची, आणि मी ते किती समजूतदार म्हणून व्हिडिओ काढायचे. चौथ्या दिवसापासून ती मोरीत झोपायला लागली. ओल्या फरशीवर, हनुवटी मोरीच्या उंबऱ्यावर टेकवून, डोळे उघडे. पोळ्यांच्या मावशींनीच सांगितलं, "ताई, ही दुपारभर इथंच पडून असते. तुम्ही आलात की बाहेर येते."

आठव्या दिवशी गुंड्या मोरीतही पोचला आणि तिचा कान धरून ओढायला लागला. ती गुरगुरली. मी तिलाच ओरडले. या सगळ्यात मी केलेली ही सगळ्यात मोठी चूक. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने सभ्यपणे दिलेली सूचना असते. ती दाबायची सवय लावली तर पुढच्या वेळी सूचना येत नाही, थेट दात येतात. तिने बिचारीने आठ दिवस कळ काढली होती, आणि बोलणी तिलाच बसली.

व्यवहाराचंही सांगते, कारण ते कुणी विचारत नाही. दरवर्षीच्या लसी, महापालिकेचा परवाना, पावसाळ्यातल्या गोचिडी, सगळंच दुप्पट. तेही एक वेळ चालतं. पण माहेरी कोकणात निघालो की ताम्हिणी घाटात चिंगी दोनदा ओकते. दोघं ओकणारे असते तर मी माहेरच सोडलं असतं. एका कुत्र्याला चार दिवस ठेवून घेणारं माणूस मिळतं. दोन म्हटलं की लोकांकडे अचानक पाहुणे येतात.

म्हणून कुणीच दुसरं आणू नये, असं मुळीच नाही. माझ्या मावसभावाकडे साताऱ्याजवळ शेतावर तीन आहेत आणि मजेत आहेत. तिथे न पटल्यावर उठून दूर जायला जागा आहे; आमच्याकडे होती ती मोरी. शहरात आणायचंच असेल तर आधी पहिलं कुत्रं नीट वळणावर येऊ द्या. नर-मादी जोडी असावी, दोघांची नसबंदीची ऑपरेशनं झालेली. दोन माद्यांचं बिनसलं तर ते सहजी मिटत नाही. एकाच वेतातली दोन पिल्लं तर नकोच, ती एकमेकांतच गुंतण्याची आणि माणसाचं ऐकेनाशी होण्याची भीती असते. शिवाय आपलं कुत्रं बाहेर गेल्यावर दुसऱ्या कुत्र्यांकडे ओढ घेतं का, तेही बघा. चिंगी घेते, पण भैयांच्या टपरीखालच्या लंगड्या कुत्र्याकडे. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, आणि मग तीच पट्टा घराकडे ओढते.

गुंड्या आता मावसभावाकडे असतो. तेराव्या दिवशी मी त्याला सोडून आले आणि वाटभर रडले. पिल्लू कुणाला हवं होतं, ते तेव्हा नवऱ्याला कळलं होतं, तो फक्त बोलला नाही. रात्री घरी पोचलो. चिंगीने माझी चप्पल हुंगली, पिशवी हुंगली, गुंड्या झोपायचा ती जागा बराच वेळ हुंगली. मला वाटलं, आता शोधेल. ती हॉलच्या बरोबर मधोमध, पंख्याखाली आली आणि चारी पाय पसरून घोरायला लागली.