पालीची दुसरी शेपटी

पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं. पाल डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय, डावीकडे की उजवीकडे, सगळ्याची फळं नोंदलेली. पडणाऱ्या पालीला शेपटी होती का, हे मात्र कोणी विचारत नाही. खरं तर पालीच्या बाजूने पाहिलं तर कळीचा मुद्दा तोच आहे.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या संशोधकांचे चपट्या शेपटीच्या घरपालीवरचे प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाले. उभ्या भिंतीवर चढताना पुढचा पाय निसटला की पालीचं डोकं मागे कलतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ती शेपटीचं टोक भिंतीवर दाबते, सायकलच्या स्टँडसारखं. तरीही सुटलीच आणि पाठीवर पडू लागली, तर शेपटी गरकन एका बाजूला फिरवते. त्यामुळे धड उलट दिशेला वळतं आणि साधारण दशांश सेकंदात पाय खाली येतात. तेवढ्या वेळात ती जेमतेम पाच सेंटिमीटर खाली आलेली असते. शेपटी नसलेल्या पालीला ही कसरत नीट साधत नाही.

शेपटी तुटते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. ती दोन मणक्यांमधल्या सांध्यात तुटत नाही. एकेका मणक्याच्या मध्येच तयार असलेल्या फटीत तुटते. स्नायू तिथे पाचरीसारखे एकमेकांत बसलेले असतात, ते सरळ सुटे होतात. रोहिणी, म्हणजे शेपटीला रक्त पुरवणारी वाहिनी, लगेच आवळली जाते, म्हणून फरशीवर रक्त दिसत नाही. दिसतो तो वळवळणारा तुकडा, आणि मांजर त्याच्याकडे पाहत असताना पाल ट्यूबलाइटच्या मागे गेलेली असते.

पुढचे काही दिवस ती लपण्याच्या जागेपासून फार लांब जात नाही. त्याला कारणं दोन. पळून जाण्याची एक युक्ती खर्च झालेली असते, आणि शेपटीत साठवलेली चरबीही गेलेली असते. भूक मात्र नव्या शेपटीसाठी थांबत नाही. थांबून चालणारही नाही, कारण शेपटी बांधायची ती खाल्लेल्या किड्यांवरच. आधी जखमेवर कातडी येते, तिच्याखाली पेशींचा गोळा जमतो, मग लांबी वाढू लागते. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पिवळ्या पोटाच्या घरपालीवर या विषयाचा बराच अभ्यास झाला आहे. उन्हाळ्यात शेपटी भराभर वाढते, थंडीत रेंगाळते.

लांबी भरून आली म्हणजे सगळं भरून आलं, असं मात्र नाही. नव्या शेपटीत मणके नसतातच. त्यांच्या जागी कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचिक हाडाची, एक सलग नळी असते. जुन्या शेपटीत मणक्यागणिक चेतांची (मज्जातंतूंची) जोडी बाहेर पडते. नव्या भागात अशा जोड्या तयारच होत नाहीत. तुटल्या जागेच्या वरच्या, जुन्या भागातल्या शेवटच्या काही चेताच फाटे फोडून सगळा कारभार सांभाळतात. वजन परत येतं, चरबीचं कोठार परत भरतं, पण सांध्यासांध्यातून मुरडण्याची नजाकत परत येत नाही. भिंतीवर ओळखायलाही सोपं: रंग सपाट, पट्टे गायब, खवले बारीक, आणि जोडावर स्पष्ट फरक.

वाढलेला अवयव आणि परतलेलं वागणं यांतलं अंतर सर्वांत कठोरपणे दाखवलं ते अमेरिकी मेंदूसंशोधक रॉजर स्पेरी यांनी, १९४०च्या दशकात. (नोबेल त्यांना पुढे १९८१ साली मिळालं, ते वेगळ्याच कामासाठी.) बेडूक आणि न्यूट (बेडकाचा शेपटीवाला नातलग) यांच्या डोळ्यांची चेता तुटली तरी पुन्हा वाढते आणि दृष्टी परत येते. स्पेरींनी ती चेता कापून डोळाच १८० अंशांत फिरवून बसवला. तंतू वाढले, मेंदूतल्या आपापल्या जुन्या ठिकाणी बिनचूक पोहोचले, आणि बेडकाला दिसू लागलं ते उलटं. माशी वर असली की तो खाली झेपावायचा. सरावाने काहीही सुधारलं नाही. वाढ अगदी बरोबर झाली होती, म्हणूनच वागणं चुकलं.

पालीत चूक होते ती दुसऱ्या प्रकारची. शेपटी पूर्ण न तुटता अर्धवट चिरली, तर जुनी लटकत राहते आणि जखमेतून नवी फुटते. दोन टोकांची शेपटी घेऊन फिरणारी पाल कधीतरी दिसते ती अशी. तिला चमत्कार समजू नये आणि जादा शेपटी कापूनही देऊ नये.

शिवाय कूर्चेच्या नळीत तुटण्याच्या फटी नसतात. त्यामुळे पुढच्या खेपेला तुटायचं असेल तर ते उरलेल्या जुन्या भागातच, जोडाच्या वर. दर खेपेला तो भाग आखूड होत जातो. पहिलाच तुकडा बुंध्यापाशी गेला असेल, तर त्या पालीकडे दुसऱ्या मांजरासाठी फारसं काही शिल्लक नसतं.